ताशी तीन मैल

आमच्या शेजारचे आप्पा मोजणीदार लग्नाला गेले की नवरी नंतर बघायचे, आधी अंतर बघायचे. माझ्या चुलतभावाला नाते गावची मुलगी केली तेव्हाची गोष्ट. मुलीकडचे सांगत होते, महाडाहून आमचं घर पाच मैल. सगळं वऱ्हाड बैलगाड्यांतून गेलं आणि आप्पा एकटे पायी, पावलं मोजत. मांडवात शिरले तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. घामाने निथळत तसेच मुलीच्या बापाजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही एक मैल लपवलात." भटजी थांबले. माझ्या काकूला क्षणभर वाटलं, मुलीतच काही खोट निघाली.

असे आमचे आप्पा. मोजणी खात्यात तीस वर्षं काढून महाडात परत आलेले. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, असं तेच सांगत, आणि ते मोजून बघायची कुणाची छाती नव्हती. कुणी म्हणालं, बाजार इथून दोन फर्लांग आहे, की आप्पा चपला घालायचे. "चालून बघू," म्हणायचे. "कागदाला पाय नसतात. मामलेदाराने लिहिलं म्हणून अंतर तेवढं होत नाही."

बोलायचे ते इतक्या मोठ्याने, की आमच्या म्हशीने कान टवकारावे. पण त्यांचा तरी काय दोष? जमीन मोजायची साखळी तेहतीस फुटांची. एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला शिपाई. तीस वर्षं जो माणूस बोलायला मिळाला तो तेहतीस फुटांवरच. मग घशाला तशीच सवय लागते. लग्न राहूनच गेलं. आई म्हणायची, मुली बघायला निघायचे, पण वाटेत मोजत बसायचे, तोवर मुलगी दुसऱ्याच्या घरी नांदायला लागायची. खरं-खोटं देव जाणे. हाताने रांधून खायचे आणि गुडघे दुखले की सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसायचे, एवढाच त्यांचा चैनीचा विषय.

आता मुद्द्यावर येते. सन तीसच्या पुढचं एक साल. माझा थोरला भाऊ वसंता आणि त्याचा दोस्त धोंडू मॅट्रिकला बसले होते. धोंडू पोलादपूरच्या वरचा, उमरठचा. बाप मुंबईत गिरणीत. महाडात त्याचा मामा भाताच्या गिरणीवर कामाला होता, तिथल्या माळ्यावर हा राहायचा आणि कोंड्याने पांढरा होऊन शाळेत यायचा. बापाने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: पास झालास तर पुढं शीक, नाय तर पावसापायी बोटी बंद व्हायच्या आत मुंबईला ये, गिरणीत बदली कामगाराची जागा बघून ठेवली हाय.

पुण्याला परीक्षा देऊन दोघं मोटारीने घाट उतरून आले ते भांडतच. ओटीवर बसले, आईने ताक दिलं, तरी भांडण थांबेना. गणिताचा पेपर भयंकर होता, ह्यावर दोघांचं एकमत. भांडण होतं एका उदाहरणावरून. ते मला अजून पाठ आहे. अ हा माणूस प गावाहून सकाळी सहाला निघाला, ब हा फ गावाहून सातला निघाला. समोरासमोर येताहेत. दोघेही चालतात ताशी तीन मैल. दोन गावांत अंतर बारा मैल. अ हा तीन मैल चालल्यावर अर्धा तास विसावा घेतो. तर दोघे प गावापासून किती मैलांवर भेटतील?

वसंताचं उत्तर पावणेसात मैल. धोंडूचं साडेसात. धोंडूने विसावा धरलाच नव्हता. राहिला म्हणून नव्हे हं, मुद्दाम. तो म्हणाला, "तीन मैलांत कोण बसतंय? सपाट रस्ता, सकाळची वेळ. तीन मैलांत बसला म्हंजे तो आजारी असंल. आजारी माणूस मग पुढं ताशी तीन मैल चालंल काय? ते फसवायला घातलेलं हाय."

"तू असं पेपरात लिहिलंस?" वसंताने विचारलं.

"लिवलं. सगळं कारणासकट लिवलं."

वसंता कपाळाला हात लावून हसायला लागला. धोंडू हसला नाही. त्याने बाकीच्या गुणांची बेरीज चार-चारदा करून पाहिली होती. हे उदाहरण धरलं तर तो तरत होता, नाही धरलं तर बुडत होता. गणितात बुडाला म्हणजे सगळ्यातच बुडाला.

मधल्या दगडी गडग्यापलीकडून आप्पा आले. आमच्या ओटीवरचं त्यांना ऐकू यायचंच, आणि त्यांचं तर साऱ्या आळीला. पेपर मागून घेतला, चष्मा कपाळावर ढकलून वाचला, खिशातून एक छोटी वही काढून काही खरडलं. मग धोंडूकडे बराच वेळ बघत राहिले. "ह्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही," म्हणाले. "चालून बघू."

झालं. महाड-पोलादपूर रस्ता आप्पांच्या हिशोबाने बारा मैलांना थोडा कमी पडत होता. तो भरून काढायला प हे गाव महाडच्या अलीकडे सरकवावं लागलं, ते आलं बापूशेटच्या गोठ्याच्या मागे. धोंडू झाला अ, म्हणून पहाटे गोठ्यामागे शेणात उभा. वसंता ब. त्याला आदल्या दिवशीच पोलादपूरला आमच्या मावशीकडे धाडलं. अ च्या मागे घड्याळ घेऊन आप्पा, आणि त्यांच्यामागे बैलगाडीत मी, वेळा लिहून घ्यायला. माझी शाळा चौथीला सुटलेली, वय तेरा, घरात कामं पडलेली. पण आप्पांना आई नाही म्हणू शकली नाही. नाही म्हटलेलं त्यांना ऐकूच जायचं नाही.

पहिल्या दिवशी तीन मैलांवर आप्पांनी धोंडूला दगडावर बसवला. बिचारा लाजेने अर्धा झाला. येणारा-जाणारा विचारी, "काय रे, पाय मोडला काय?" एका म्हातारीने तर पिशवीतून सुंठ काढून हातावर ठेवली. अर्धा तास भरला तसे उठलो, चालत राहिलो, पण वसंता काही दिसेना. भेटला तो पार आठव्या मैलाच्या पुढे, ढेकर देत. मावशीने घावन खाल्ल्याशिवाय सोडला नव्हता. "रद्द," आप्पा गरजले. "पेपरातल्या ब ला मावशी नव्हती."

पुढच्या आठवड्यात वसंता वेळेवर निघाला, तर धोंडूचं चुकलं. तो ताशी तीन मैल चालेचना. डोंगरातला पोर, तो चालायला लागला की आमचे बैल मागे पडायचे. आप्पा मागून ओरडताहेत, हळू, हळू. शेवटी धोंडू वळून म्हणाला, "ताशी तीन मैल म्हंजे काय चालणं झालं आप्पा? ती वरात झाली." मग आप्पांनी त्याला आपल्याबरोबर, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांच्या चालीने चालवायचं ठरवलं. नुसतं चालून पोर कंटाळेल म्हणून वाटेत तोंडी उदाहरणं तर पहिल्या दिवसापासूनच चालू होती. दर खेपेला दहा. व्याजाची, हौदांची, कामकरी माणसांची, नाहीतर 'ह्या शेताची लांबी-रुंदी सांग' असली. ती आप्पा विचारायचे तेव्हा दोन्हीकडच्या शेतांतली माणसं ताठ उभी राहून ऐकायची. एकदा एका नांगऱ्याने बांधावरून उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.

तिसऱ्या खेपेला तर कहर झाला. धोंडू विसाव्याला बसलेला, आप्पा मागे राहून एका मैलाच्या दगडाशी हुज्जत घालत होते. तेवढ्यात त्याच्याच भागातले दोघं गाडीवान आले. त्यांना वाटलं, उमरठचा पोर वाटेत बसलाय म्हणजे नक्कीच ताप भरलाय. धोंडू सांगतोय, मी बरा हाय, मी गणितात बसलोय. त्यांनी समजूत करून घेतली की हा तापात बरळतोय. उचलून गाडीत घातला आणि दामटले बैल. आप्पा मागून साखळीवरच्या आवाजात ओरडत धावले. गाडीवानांना वाटलं, मागे कोणी वेडा लागलाय, आणखी दामटले.

असं सारा चैत्र-वैशाख चाललं. कधी म्हशी आडव्या, कधी वसंताचं पायताण तुटलं. रस्त्यावरची माणसं आम्हाला ओळखायला लागली. "आज कोण बसतोय?" विचारायची. गाडीत बसून मीही आप्पांची उदाहरणं मनात सोडवायला लागले, आणि आज मला जे काही गणित येतं ते सगळं त्या रस्त्यावरचं आहे. पण ते असो.

सहाव्या खेपेला मात्र सगळं जुळून आलं. धोंडू सहाला निघाला, तीन मैलांवर बसला, उठला. वसंता सातला निघाला. पावणेनऊ वाजता दोघे समोरासमोर. आप्पांनी मोजलं, बरोबर पावणेसात मैल. वसंता नाचायला लागला. धोंडू रस्त्याच्या कडेला उभा राहून, पुढे जिथे साडेसात मैल झाले असते तिकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पेपरात लिवलं होतं तो बसला, म्हंजे तो बसला. मी कोण नाय म्हणणारा?"

दहा उदाहरणं झाली होती, आप्पांनी त्याला अकरावं घातलं. ते त्याने चालता चालता सोडवलं.

चार दिवसांनी निकाल आला. वसंता पास, धोंडू गणितात नापास. बोटी बंद व्हायला आठवडा राहिलेला. मामाने माळ्यावरचं त्याचं बोचकं बांधून ठेवलं आणि उमरठहून धोंडूची आई त्याला दासगावच्या बंदरावर पोचवायला आली. काटक बाई, पदर खोचलेला. आमच्या ओटीवर टेकली, पण पाणीसुद्धा न घेता आप्पांना बोलवा म्हणाली.

आप्पा आले तशी तिने सरळ विचारलं, "मास्तर काय बोलतात ते मला कळत नाय. ह्याचा बाप तिकडं वाट बघतोय. तुम्ही ह्याला दोन महिने चालवलात. आता येवढंच सांगा, ह्याला जमंल का नाय?"

मला वाटलं, आता आप्पा चपला शोधणार. त्यांनी खिशातून ती छोटी वही काढली. मी समजत होते, त्यात पावलं टिपलेली असतील. आप्पांनी वाचून दाखवलं, आणि नवल म्हणजे हळू आवाजात. पहिली खेप, दहातली तीन. दुसरी, दहातली चार. मग पाच, मग सात, मग आठ. शेवटची खेप, दहातली नऊ आणि वरचं एक. रस्ता आम्ही मोजत होतो. आप्पा धोंडूला मोजत होते.

बाई बोटांवर काहीतरी जुळवत बसली. मग म्हणाली, "दहातली नऊ रोपं धरली तं शेत झालं म्हणायचं. दहावं खेकडा खातो." ती उठली. "बापाला कागद तुम्ही लिवा. वर काय बोलायचं ते मी बोलंन. पण ऱ्हायल कुठं? मामा काय आता ठेवायचा नाय."

"माझ्याकडे राहील," आप्पा म्हणाले. ते मात्र नेहमीच्या आवाजात. आळीत कुणी दारं लावून बसलं असेल त्यालाही कळलं.

ती गेल्यावर मी आप्पांना एकटं गाठून विचारलं, धोंडूचं उत्तर चुकलंय हे तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी. पोरांचं ताक पिऊन व्हायच्या आत." मग तेव्हाच का नाही सांगितलंत, म्हटलं, सहा खेपा वाचल्या असत्या, तुमचे गुडघेही. आप्पा चष्मा पुसत बसले. "तेव्हा सांगितलं असतं, तर पोरगा दुसऱ्याच दिवशीच्या बोटीने मुंबईला गेला असता, यमे. दहातली तीन घेऊन."

पुढच्या मार्चात धोंडू गणितात पास झाला, चांगला झाला. पण मला आठवते ती तो राहायला आला ती संध्याकाळ. त्याचं बोचकं आप्पांच्या ओटीवर होतं, तो विहिरीवर पाणी काढत होता. आमच्या मागच्या दाराशी आप्पा आले. हातात तांदळाचं मापटं. इतक्या हळू हाक मारली, की आईला दोनदा ऐकावी लागली.

"वहिनी, दोन माणसांना तांदूळ किती घालतात?"

आई हसली. म्हणाली, अहो आप्पा, एकाचे घालता त्याच्या दुप्पट. तुम्हाला का हिशोब शिकवायचा?

"दुप्पट मला येते हो," आप्पा म्हणाले, आणि मापट्यात बघत तसेच उभे राहिले. "पण एवढा वाढीचा मुलगा घरात जेवतो किती, ते मला ठाऊक नाही."

आईने त्यांच्या हातातलं मापटं घेतलं, आत जाऊन शिगोशीग भरलं, आणि वर आणखी एक मूठ घातली.