केवळराम पोचेपर्यंत झाडू नाही

केवळराम शिकायला विलायतेला निघाला आणि त्याच्या आईने, रुख्माने, केरसुणी आढ्यात खोचून ठेवली. घरचे माणूस गावाला गेले की ते पोचेपर्यंत घर झाडायचे नाही, ही कामठा गावाची रीत. आजवर ती कुणाला जड गेली नव्हती, कारण जाणारा फार तर नागपूरपर्यंत जायचा.

या खेपेला मात्र पंचाईत झाली. मळणी चालू होती. धानाची तणस वाऱ्याने थेट चुलीपर्यंत येत होती. त्यात दोन दिवसांनी केवळरामच्या बहिणीला, नंदाला, पाहायला अर्जुनी मोरगावचे पाहुणे यायचे होते.

"पोरगा आज सकाळी मुंबईले इमानात बसला. तेथून लंडनले किती टाइम लागते, ते तरी इचारून या," रुख्मा नवऱ्याला म्हणाली.

बकारामने गोंदियात भैय्यालाल शेठना गाठले. शेठजींकडे रेडिओ होता, म्हणजे साऱ्या जगाची खबर होती. "साढ़े चार हजार मील! एक दिन में पहुंच जाएगा. बीच में काहिरा, यानी कैरो, उतरेगा, तेल भरेगा, फिर उड़ेगा."

बकाराम खुशीत घरी आला. "काहिराले उतरला असन आता. झाड घर."

"उतरून तेथीच राहिला का?"

"नाही, पुन्हा उडते."

"तुमी तिरोड्याच्या टेसनावर पाणी प्यायले उतरता, तं नागपूरले पोचले का?"

दुसऱ्या दिवशीही तार आली नाही. "पोचला असन," बकाराम म्हणाला.

"असनवर झाडू नाही फिरत."

बकाराम हसला खरा, पण केरसुणीकडे हात न्यायची त्याची छाती झाली नाही.

पाहुणे आले. मुलाची आई मंदाबाई मुलीआधी घराचे कोपरे बघते, अशी तिची ख्याती. तिचे पाऊल तणशीत रुतले. नंदाची मान खाली गेली. बकारामने घाबरून काहिरासकट सगळे सांगून टाकले.

"तार नाही आली अजून?" मंदाबाईने विचारले.

"नाही जी."

मंदाबाईने लुगडे सावरले आणि तणशीतच बैठक मारली. "माही थोरली सून माणूस फाटकाबाहेर गेलं का झाडू घेते. मले तं या अशाच घरची पोरगी पायजे."

सुपारी फुटली. पाहुण्यांची बैलगाडी स्टेशनाकडे निघाली, आणि गाडीच्या धुरळ्यातून शेजारचा उदाराम तार घेऊन आला. केवळराम कधीच सुखरूप पोचला होता. तारवाल्याने तार गोंदियातच उदारामच्या हाती दिली होती, आणि तो वाटेत सासुरवाडीला मुक्काम करून आला होता.

रुख्मा आधी पोटभर रडली. मग पदर खोचून तिने केरसुणी काढली.

"थांब वो," बकाराम म्हणाला. "पाहुणे आत्ताच निघाले. आता ते आपले सोयरे."

"अर्जुनी किती दूर हाय?"

"लंडनापेक्षा लय जवळ."

नंदा दारात उभी राहून गाडी गेली त्या वाटेकडे बघत होती. रुख्माने तिच्याकडे पाहिले.

"पोरगी द्याची म्हटलं तं तेवढंच दूर," ती म्हणाली, आणि तिने केरसुणी पुन्हा आढ्यात खोचली.