अखेरचे शब्द, मंजूर नमुन्याप्रमाणे

महायुद्ध संपलं, जर्मन हरला, शिपाई बोटीतून उतरून आपापल्या गावी पोचले. तेव्हा वरच्यांच्या ध्यानात आलं की ही माणसं तिकडं नेमकं काय करून आली याची कुठंच नोंद नाही. नोंद नाही म्हणजे झालंच नाही. एवढी माणसं लढून आली आणि लढाईच झाली नाही, हे कोल्हापूरसारख्या पैलवानांच्या गावाला शोभलं नसतं. म्हणून शिपायांच्या आठवणी लिहून घेणारी एक कचेरी निघाली आणि तिच्यात आम्ही कारकून म्हणून चिकटलो. हुकूम स्वच्छ होता. शिपायाने हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगावी, खरी सांगावी आणि मंजूर नमुन्याप्रमाणे सांगावी.

आमच्या वाट्याला आला हुसेन बागवान. आमच्याच पेठेतला, तालमीच्या मागं राहणारा. बसऱ्याच्या मोहिमेवर खेचरं हाकायला होता. त्याच्या बायकोनं, जुलेखानं, गूळपाणी आणून ठेवलं आणि आम्ही टाक शाईत बुडवला.

"हं, सांगा हुसेनभाई. जन्मापासून."

"जल्म ऱ्हाऊ द्या, रावसाहेब. आधी गुंडूचं ल्ह्या."

"गुंडू कोण?"

"बयामावशीचा ल्योक. पल्याडच्या बोळातला. माझ्यासंगंच भरती झालता. तितंच गेला."

मग त्यानं सांगितलं ते असं. गुंडू आईशी भांडून पलटणीत गेला होता. बयाबाई म्हणाली होती, "जातूस तर जा, पुन्यांदा तोंड दावू नगंस." तोही भरल्या ताटावरून उठून तसाच उपाशी गेला. तिकडं त्याला हगवण लागली. हुसेनच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं प्राण सोडला आणि जाताना म्हणाला, "आईला सांग, माझा राग कवाच गेला. बोटीत चढायच्या आधीच गेलता."

"मग म्हातारीला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. सांगून सांगून तोंड दुखलं. मानत न्हाय. म्हणती, तू गोडबोल्या, माझी समजूत काढतूस. पोरगं गेल्याचं सरकारनं कळवलं ते खरं निघालं. मग राग गेल्याचं बी सरकारनंच वाचून दावू दे, तवा मानीन. धड जेवत न्हाय ती, रावसाहेब. मला बघवत न्हाय. तेवढं एक वाक्य घ्या. बाकी माझं काय बी ल्ह्या."

'बाकी काय बी ल्ह्या' अशी मुभा आजवर कुणी कचेरीला दिली नव्हती. आम्ही भारावून गेलो.

कागद हेडक्लार्क आण्णासाहेबांपुढं गेला. "खेचर?" आण्णासाहेब म्हणाले. "शौर्य पहिल्या परिच्छेदात यायला हवं. ते खेचरावर कसं बसवणार?" खेचराचा घोडा केला. घोडा आला म्हटल्यावर हातात चाबूक बरा दिसेना, म्हणून तलवार दिली. तलवार दिल्यावर शत्रू लांब उभा राहून कसं चालेल? त्याला जवळ आणला आणि कापला. हुसेन कोंबडीसुद्धा मुलाण्याकडून कापून घेई, पण त्यानं तक्रार केली नाही.

"कापा," तो म्हणाला. "पर ते वाक्य?"

हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं. आण्णासाहेबांनी आधी हगवण खोडली. हकीकत मानकरी मंडळींसमोर वाचायची, तिथं हगवणीला आमंत्रण नव्हतं. त्या जागी 'शत्रुदेशीय उदकाच्या आघाताने' असं घातलं. मग त्यांची नजर रागावर गेली.

"राग गेला म्हणता. पण होता, याला पुरावा?"

"आई सांगते, साहेब."

"आई पक्षकार. जाताना कुणी पाहिला?"

"हुसेननं ऐकलं."

"तो मयताचा दोस्त. चालणार नाही. आणि मला सांगा, रणांगणावर मरणारा माणूस असलं घरगुती बोलेल का? सगळ्या पलटणी आईचं नाव घेत बसल्या असत्या, तर जर्मन हरला असता?"

आमच्या वडिलांनी मरताना म्हशीला पेंड घातली का, एवढंच विचारलं होतं. पण ते काही लढाईवर नव्हते.

सबब गुंडू समूळ वगळण्यात आला. हुसेन येऊन कचेरीच्या पायरीवर बसला. उठेचना. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी आण्णासाहेबांना पाझर फुटला, ते काही दगडाचे नव्हते. "घ्या त्या पोराला," ते म्हणाले. "पण एवढ्या मंडळींसमोर त्याला नुसताच कसा मारायचा? चांगले शब्द द्या बिचाऱ्याला. नमुन्यात आहेत."

आम्ही हुसेनला कळवलं, "गुंडू मंजूर. अखेरच्या शब्दांसकट." तो धावतच बयाबाईच्या घरी गेला. त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली म्हणे.

वाचन तालमीच्या पटांगणात झालं. आण्णासाहेबांचा आवाज खणखणीत. घोडा आला तशी माणसं सरसावून बसली, तलवार निघाली तशा शिट्ट्या पडल्या. हुसेन खाली मान घालून बसला होता. बयाबाई धुतलेलं लुगडं नेसून अगदी पुढं, कानाला हात लावून. आण्णासाहेब वाचत होते, "शत्रुदेशीय उदकाच्या आघाताने वीर गुंडू कोसळला. प्राण जाताना त्याच्या मुखी एकच घोष होता. साम्राज्याचा विजय असो."

टाळ्या थांबेचनात. थांबल्या तेव्हा बयाबाईनं आम्हाला विचारलं, "म्होरं?"

"पुढं काही नाही, आजी. तिथंच संपलं."

"माझं नाव काढलं न्हाय?"

"तशी नोंद नाही."

तिनं हळूच मान हलवली. "मला ठावं हुतं. रागातच गेलं माझं लेकरू."

हुसेन उठून तिच्यापाशी आला. "खोटं हाय ते, मावशे. मी हुतो की तितं. तुझंच नाव घेत गेला त्यो."

"गप बस, बाबा," ती म्हणाली. "आता सरकारनंच वाचलं. किती दिवस समजूत काढशील?"

पटांगणानं माना डोलावल्या. तालमीचा एक पैलवान तर स्पष्टच बोलला, "हुसेनभाई, घोड्यावर काय बसलास, सरकारला खोटं पाडाय लागलास व्हय?"

हुसेन अजून तिच्या दारात जाऊन तेच वाक्य सांगतो. ती ऐकून घेते, त्याला गूळ-शेंगा देते आणि मानत नाही. तोंडी सांगण्याला कोण विचारतो, हे त्याला कुणीतरी समजावायला हवं.

तुम्हाला मात्र गुंडूचा राग गेला होता हे पटलं, आणि त्या म्हातारीच्या भाबडेपणाचं हसूही आलं असेल. तुम्ही हुसेनला पाहिलेलं नाही, गुंडूला पाहिलेलं नाही, बसरा कुठल्या दिशेला आहे हेही धड ठाऊक नाही. लिहिलेलं वाचलंत आणि मानलंत. तेही त्याच कचेरीच्या कारकुनाच्या हातचं.