सकाळी सहाची स्वयंचलित विचारपूस

आईची विचारपूस करणं हे मुलाचं परम कर्तव्य आहे, आणि जे कर्तव्य रोज एकाच वेळी, त्याच शब्दांत बजावायचं असतं ते यंत्रावर सोपवणं हे त्याहून परम कर्तव्य आहे. निपाणीच्या कमलाआक्कांचा मुलगा वीरेंद्र बेंगळुरूत संगणक अभियंता असल्यामुळे त्याला हे इतरांच्या आधी कळलं.

अकरा वर्षं तो रोज सकाळी सहाला फोन करी. "आई, उठलीस का? गोळी घेतलीस का?" (सरासरी कालावधी चाळीस सेकंद. आजारपणात पन्नास.) मग बढती मिळाली आणि सहाची वेळ अमेरिकेच्या बैठकीला गेली. दुसरा एखादा मुलगा असता तर त्यानं आईला वाऱ्यावर सोडलं असतं. वीरेंद्रनं तिला लिनक्सवर सोडलं.

दिवाळीत येऊन त्यानं बाहेरच्या खोलीत लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक मांडला. रोज सहाच्या ठोक्याला गाण्यांचा प्लेअर आपोआप सुरू होणार होता, आणि तोही नुसता आवाज नव्हे, पडद्यावर उघडणाऱ्या खिडकीसकट. वर महावीरांचं चित्र, खाली 'थांबवा' हे ठळक बटण. पहिली फाइल वीरेंद्रच्याच आवाजातली, "आई, उठलीस का? गोळी घेतलीस का?" नंतर उत्तरासाठी सहा सेकंद शांतता, मग स्तोत्रं. शांतता त्याला आयत्या वेळी सुचली. मुलाची माया अशाच बारकाव्यांत दिसते.

तो बेंगळुरूला परतला आणि दुसऱ्या दिवशी सहाला काहीच वाजलं नाही. यंत्राच्या नोंदवहीत मात्र 'सहा वाजता काम सुरू केले' अशी नोंद होती. (कचेऱ्यांत खेटे घातलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) वेळापत्रक पाळणाऱ्या प्रोग्रामला खिडकी नेमक्या कुठल्या पडद्यावर उघडायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. पडदा समोर होता, पण तसा लेखी आदेश नव्हता.

आक्कांनी निरोप धाडला. साडेसातला, बैठक संपल्यावर, वीरेंद्रचा फोन आला.

"आई, पडद्यावर काय दिसतंय?"

"काळ्यात माझंच तोंड दिसतंय रं."

त्यानं संगणक चार वेळा बंद करून चालू करायला लावला. एका खेपेला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. तेवढ्यात करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे मायलेकांना एकमेकांशी बोलावं लागलं. पहिल्या खेपेला थंडीवर बोलून झालं. दुसऱ्या खेपेला आक्कांच्या गुडघ्यावर. तिसऱ्या खेपेला त्यानं वांग्याची भाजी कशी करायची ते विचारलं, आणि चौथ्या खेपेला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, वडिलांचा विषय निघाला. फोन एकोणतीस मिनिटं चालला. आक्का दिवसभर खूश होत्या.

दुर्दैवानं वीरेंद्र हुशार होता. त्यानं प्रोग्रामला पडद्याचा पत्ता लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. "गोळी घेतलीस का?" आवाज म्हणाला. "व्हय रं, घेतली. तू येळेवर जेवतोस का न्हाय..." एवढ्यात स्तोत्रं लागली. आता फोनची गरज उरली नव्हती, त्यामुळे फोनही येईना.

नवव्या दिवशी आक्कांना शोध लागला. पडद्याच्या कोपऱ्यातलं 'बाहेर पडा' हे बटण दाबलं की सहाला काही वाजत नाही, आणि निरोप धाडला की साडेसातला फोन येतो. मग त्या दर सोमवारी आणि गुरुवारी पाच पंचावन्नला 'बाहेर पडा' दाबू लागल्या. एकदा शेजारच्या तानीबाईंनी हे पाहिलं.

"आक्का, चांगली चाललेली मशीन का बंद करतासा?"

"बिघडाय नको व्हय?"

"मंग तुमीच लावा की फोन."

"तो कामात असतोय गं. बिघाड असला तरच बोलतोय."

अभियंत्यापासून बिघाड फार दिवस लपत नाही. तीन महिन्यांच्या नोंदींचा वीरेंद्रनं आलेख काढला. प्रत्येक बिघाडाआधी बरोबर पाच मिनिटं कुणीतरी 'बाहेर पडा' दाबत होतं. निष्कर्ष : वापरकर्त्याची चूक. (वापरकर्ता सोमवारी आणि गुरुवारीच का चुकतो, यासाठी आलेखात जागा नव्हती.) उपाय म्हणून त्यानं बेंगळुरूत बसूनच ते बटण काढून टाकलं.

तेव्हापासून आज एकशे बेचाळीस दिवस एकही बिघाड नाही. गेल्या गुरुवारी सहाला आवाजानं विचारलं, "गोळी घेतलीस का?" आक्का पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "न्हाय घेतली. तीन दिस झाले." यंत्रानं सहा सेकंद वाट पाहिली आणि स्तोत्रं वेळेवर सुरू केली.

वीरेंद्रच्या कंपनीतल्या सव्वीस मुलांनी ही व्यवस्था आपापल्या गावी बसवली आहे. एकाही आईची तक्रार नाही. वाचकांपैकी कुणाला हवी असल्यास ती मोफत मिळेल, आवाज तेवढा स्वतःचा लागतो. पात्रतेची अट एकच. हे वाचताना आईला फोन करावा असं तुमच्या मनात आलं असेल, आणि आज नको, रविवारी निवांत करू असं तुम्ही ठरवलंही असेल, तर वेगळा अर्ज करायची गरज नाही.