आरशाचं कपाट आणि मौद्याचे पाहुणे

साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये त्याच्या सामानाचा लिलाव झाला. कचेरीतले मारोतराव नुसते बघायला गेले होते. ओळखीचं कुणीतरी दिसलं म्हणून त्यांनी हात वर केला आणि कपाट त्यांच्या नावावर पडलं.

बैलबंडीतून ते महाल भागातल्या घरी आलं, पण जिन्यात मावेना. म्हणून बैठकीतच राहिलं. चांगलं पुरुषभर उंच, दोन दारं आणि दोन्हींना वरपासून खालपर्यंत आरसे.

"हे काहून आणलं?" त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी विचारलं.

"आणलं नाही. आलं," मारोतराव म्हणाले, आणि ते खरंच होतं.

शेजारच्या बायका त्या आरशात बघून कुंकू लावत आणि बोटाला उरलेलं त्यालाच पुसून जात. चिमण्या आतल्या चिमण्यांशी भांडायला येत, चोची मारत आणि भांडता भांडता बरीच घाण करत. दिवसातून इतक्या वेळा स्वतःलाच भेटायची मारोतरावांना सवय नव्हती. ते बैठकीतून तिरके चालू लागले.

कौशल्याबाईंनी आरसा राखेनं घासला, तर धूर धरल्यासारखा दिसू लागला. साबण लावला, तर ओघळ राहिले. शेवटी शेजारच्या रंभाबाईंच्या सल्ल्यानं फडक्यावर खोबरेल तेल घेतलं. तेव्हापासून आरशात माणसाच्या जागी माणसाएवढा ढग दिसायचा.

तशातच मौद्याहून निरोप आला. तिथले जमीनदार, मालगुजार चंद्रभानजी आपल्या मुलाला, गिरिधरला घेऊन रविवारी मारोतरावांच्या लेकीला, सुमतीला पाहायला येणार होते. तिला आधी पाहून गेलेल्या दोन्ही पाहुण्यांनी "कळवतो" म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. तिसऱ्यांदा तोच शब्द ऐकून सुमतीच्या तोंडाकडे कसं पाहायचं, हे मारोतरावांना समजत नव्हतं.

"पाहुण्यायले असा कळकट आरसा दाखवता का?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"चादर टाकू त्यावर."

"मंग अंदर काय लपवलं म्हणून विचारतीन!"

"थांब वं आई, मले करू दे," सुमती म्हणाली. तिनं स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट घेतलं, जुनी वर्तमानपत्रं घेतली आणि रविवारी सकाळभर आरसा पुसला. तो इतका स्वच्छ झाला, की जणू नाहीसाच झाला. कपाटाच्या जागी पलीकडे आणखी एक बैठक दिसू लागली. घरभर मात्र स्पिरिटचा वास कोंडला.

चंद्रभानजी आले. धिप्पाड अंग, डोक्याला लाल फेटा. दूरचं त्यांना धड दिसत नसे, पण चष्मा लावणं कमीपणाचं वाटे. सुमतीनं पोहे दिले आणि ती बाजूला पाटावर बसली. चार प्रश्न झाले. चंद्रभानजींनी घास गिळला.

"ठीक हाये. तुमाले कळव—" असं म्हणता म्हणता त्यांची नजर समोर गेली आणि ते थबकले.

"मारोतराव, त्या खोलीत कोन बसले हायेत?"

"कोणत्या खोलीत?"

"ते काय, लाल फेटेवाले. पोहे खाऊन राहिले आमच्यावानी!" त्यांनी नाक फेंदारून वास घेतला. "आन् पिऊन आले हायेत! मले केव्हाचा वास येऊन राहिला. दारू पिऊन पोरगी पाह्याले आले?"

खरं सांगावं, तर मालगुजारांना दिसत नाही असं त्यांच्या तोंडावर म्हणावं लागणार. न सांगावं, तर ती फसवणूक. मारोतरावांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारामागे कौशल्याबाईंच्या बांगड्या जोरात वाजल्या. त्यांनी तोंड मिटलं.

"बोलत काहून नाही गा? एकाच दिवशी दोघंदोघं बलावले का?"

"नाही, नाही. ते... तुमच्यासोबतच आले," मारोतराव जमेल तितकं खरं बोलले.

"म्हनजे माह्या मागावरच! आन् बाजूचं ते पोट्टं पाहा, मान खाली घालून कसं बसलं, बैलावानी."

गिरिधरनं चटकन मान वर केली.

"आता टकमक पाहून राहिलं! लाज नाही त्याले."

सुमतीनं पदर तोंडाशी घट्ट धरला.

"आयका, मारोतराव. पोरगी आमची. पक्कं! चंद्रभाननं शबद देल्ला. आता त्या मानसाले मीच सांगतो."

चंद्रभानजी उठले. समोरचाही उठला. हे दोन पावलं पुढे गेले, तर तोही तितकाच पुढे आला.

"अंगावर येते का बे!" म्हणून त्यांनी छाती काढली. त्यानंही काढली. मग त्यांना दुसऱ्याच्या घरी असल्याचं भान आलं. झालं तरी तोही कुणाचा तरी बाप. त्यांनी हात जोडले, "रामराम" म्हणून वाकले, आणि खाडकन आवाज झाला.

"अरे बाप्पा!"

आरसा फुटला नाही. फेटा मात्र एका कानावर आला.

"तो... आरसा होय," मारोतराव पुटपुटले. हे सांगायला फार उशीर झाला, एवढं त्यांनाही कळत होतं. हेही ठिकाण गेलं, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

चंद्रभानजींनी आरशावरून तळहात फिरवून पाहिला. मग ते वळले.

"गिरिधर, तुले दिसत होतं का गा?"

"हो, बाबा."

"मंग बोलला काहून नाही?"

गिरिधरचे कान लाल झाले. "तुमी पक्कं करून राहिले होते. मधात कसं बोलू?"

पाटावरून हसू फुटलं. आत बांगड्या पुन्हा वाजल्या, पण आता सुमतीला आवरेना. तिला पाहून गिरिधरलाही आवरेना. चंद्रभानजींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग आरशाच्या अगदी जवळ जाऊन फेटा सरळ केला. त्यांना घाई नव्हती.

"शबद देल्ला तो देल्ला. पोरगी पसंत हाये, मारोतराव."

मारोतरावांनी घाईघाईनं हात जोडले.

"पन एक सांगून ठेवतो," चंद्रभानजी कपाळ चोळत म्हणाले. "हे कपाट आंदनात पाठवू नका."