हरीची घंटा आणि आजोबांचा कावळा

ही गोष्ट १९६३ सालच्या मे महिन्यातली. देवबागला तेव्हा वीज आली नव्हती, आणि जिथे वीजच नाही तिथे विजेचा इंजिनियर सुट्टीला येऊन काय करणार, हा प्रश्न गुरुदासकाका आपल्या पुतण्याला, हरीला, जेवताना हमखास विचारत.

हरी मुंबईत एका संस्थेत संशोधन करी. उजेड पडला की वीज वाहू देणारे आणि सावली पडली की अडवणारे स्फटिक तो बनवायचा. पुढचं काम वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनवर करायचं होतं. वाळूचं नाव त्याने काढलं आणि तिथेच फसला.

"रेवेर संशोधन?" काकांचा घास हातातच राहिला. "अरे, एका बाजूक कर्ली नदी, दुसऱ्या बाजूक दर्या, मधी सगळी रेवच आसा! त्याच्यासाठी मुंबैक कित्याक गेलंस? हय अंगणात बसान करूचा होता!"

हे हसण्यावारी गेलं असतं. पण हरीच्या वाळूत त्याच्या बहिणीचा, मथुरेचा पाय अडकला होता. मथुरा आदल्या वर्षी मॅट्रिक झाली होती. तिला मुंबईला सायन्स कॉलेजात जायचं होतं आणि हरी तिला ठेवून घ्यायला तयार होता. आईबाप लहानपणीच गेलेले, काकांनी दोघांना पोटच्या पोरांसारखं वाढवलेलं. आजोबा गेल्या वर्षी वारले, म्हणून आता शब्द काकांचा.

"एकाक शिकवलंय, तो रेव चाळता," काका म्हणाले. "दुसऱ्याक शिकवून काय शिंपले वेचूचे? बाबांचा वर्षश्राद्ध झाला की कसालच्या कापडवाल्याक होकार धाडतंय. त्याचो मुलगो बरो आसा, दुकान आसा."

"माका दुकान नको," मथुरा म्हणाली.

"तुका कोण विचारता?"

"कोण विचारणा नाय, म्हणानच सांगतंय."

मथुरेसाठी हरीने काकांना आपलं शास्त्र दाखवायचं ठरवलं. सावित्रीकाकीने अंगणात फणसपोळ्या वाळत घातल्या होत्या आणि कावळे त्यांचे लचके तोडत होते. हरीने चटईवर आपले बटणाएवढे स्फटिक मांडले, बॅटरीचे सेल जोडले आणि शाळेत तास बदलताना वाजते तसली विजेची घंटा, स्फटिकाने वीज अडवली की वाजेल अशी, एका खोक्यात बसवली. कावळा उतरला, सावली पडली, आणि घंटा अशी कडाडली की कावळ्याबरोबर माडावरच्या खारीही पळाल्या.

काकी खूश झाली. पण सावली काही फक्त कावळ्यालाच नसते. काकी पोळी उलटायला वाकली, घंटा वाजली. ढग आला, घंटा वाजली. संध्याकाळी काका ओसरीवर देवाचं नाव घेत बसले, सूर्य बुडाला, आणि घंटा थांबेचना. काकांच्या हातातली जपमाळ तुळशीत जाऊन पडली.

"दादाचा यंत्र बरोबर चलता," मथुरा म्हणाली. "अंधार पण सावलीच ना!"

"काय यंत्र नाय नि मंत्र नाय!" काका ओरडले. "मांजर तारेर पाय देता, म्हणान वाजता. सावलेक कधी वजन आसता?" आणि सावलीने घंटा वाजते ही शुद्ध थाप आहे, असं ते देवळात, होडीवर, भेटेल त्याला सांगत सुटले.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी काकांच्या हुकुमावरून खोकं माळ्यावर गेलं. फक्त हे कावळ्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

श्राद्धाला वालावलहून होडीने भिकाजीभट आले. वडे झाले, काळ्या वाटाण्याचं सांबार झालं, खीर झाली. कावळ्याचं पान अंगणात ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. माडावर कावळे बसले होते, पानाकडे बघत होते, मान वाकडी करून खोकं कुठे दिसतं का तेही बघत होते. उतरत मात्र नव्हते.

"म्हाताऱ्यांची काहीतरी इच्छा राहिली आहे," भटजींनी निदान केलं.

काकांनी हात जोडले. "बाबानू, देवळाच्या पायऱ्या बांधून देतंय." कावळा ढिम्म. "आंब्याची वाटणी करतंय." कावळ्याने पंख खाजवला. काकांनी मन घट्ट केलं. "बाबानू, ह्या धोंडूवांगडा परत बोलाक लागतंय!"

कुंपणापलीकडून शेजारी धोंडू ओरडला, "माका नको हां!"

ऊन चढलं. खिरीवर साय धरली. भटजी एकदा वड्यांकडे बघत, एकदा नदीकडे. "गुरुदास, पाणी ओसरलं तर माझी होडी गाळात बसेल. मग रात्रीचाही जेवायला इथेच."

हरी हळूच म्हणाला, "काका, कावळे घंटेक भियालेत."

"सावलेन घंटा वाजणाच नाय, तर ते भितले कित्याक?"

मथुरा पुढे आली. भुकेने तिचंही डोकं तापलं होतं. "काका, एक कायता ठरवा. कावळे घंटेक भियाले असतील, तर दादाचा यंत्र खरा आणि माका शिकाक धाडा. यंत्र खोटा असात, तर आजोबांची इच्छा ऱ्हवली. ती कसली, ता भटजींका विचारा."

भटजींना नदीत पाणी उतरताना दिसत होतं. ते घाईघाईने म्हणाले, "मुलीला शिकवा, असं म्हणायचे खरे म्हातारे. माझ्यासमोर म्हणाले होते."

काका दोन्हीकडून कोंडले. "म्हणजे तू बाबांच्या घासाचो सौदो करतंस?"

"तुमी नाय माझो सौदो करतास कसालात? कबूल करा, मी कावळो आणतंय."

"आधी कावळो आण!"

"आधी बोला. मोठ्यान. आजोबांका आयकाक गेला पायजे."

काकांनी काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, "माझ्याकडे काय बगतास? माका पण भूक लागली हा."

"बाबानू," काका माडांच्या शेंड्यांकडे बघत गरजले, "मथुरा शिकतली! मुंबैक! सायन्स!"

मथुरेने पान उचललं आणि सरळ समुद्राकडे चालू लागली. मागून काका, काकी, हरी, धोतर सावरत भटजी. कोळी रापणीचं जाळं ओढतात त्या जागी कावळ्यांची वेगळीच जमात राहायची. ते गावात फिरकत नसत. हरीची घंटा त्यांच्या कानावर गेली नव्हती. शिवाय जन्मभर मासळी खाऊन कंटाळलेले. मथुरा पान वाळूवर टेकवते न टेकवते तोच एकाने वडा पळवला.

"बगलास?" काकांनी छाती फुगवली. "माझो शब्द बाबांनी आयकलो!"

हरी खुलासा करायला तोंड उघडत होता. मथुरेने त्याच्या पायावर पाय दिला. काका खाली वाळूकडे बघत राहिले, मग पुटपुटले, "रेवेर ठेवल्यार शिवलो म्हणा."

मथुरा जूनमध्ये मुंबईला गेली, पदार्थविज्ञान शिकली, आणि पुढे भावाच्याच विषयात संशोधन करून तिथेच प्रोफेसर झाली. कसालच्या मुलाने पिंगुळीची मुलगी केली. मथुरेच्या लग्नात साड्या त्याच्याच दुकानातून आल्या. भिकाजीभट अडलेल्या प्रत्येक श्राद्धात पान समुद्रावर न्यायला सांगू लागले आणि त्यांची मोठी ख्याती झाली. देवबागला वीज आल्यावर हरीने काकांच्या अंगणात तिन्हीसांजेला आपोआप लागणारा दिवा बसवला. काका आल्यागेल्याला तो दाखवीत. "रेवेचो दिवो. आमच्याच घरातलो शोध."

काका गेले, त्यांचंही वर्षश्राद्ध आलं. मागचा उपास आठवून सगळ्यांनी सकाळीच पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं. मथुरा पान घेऊन अंगणात आली, आणि ते खाली ठेवायच्या आतच कावळा झेपावून घास घेऊन गेला.

काकी म्हणाली, "शिवणारच. तू परत काय मागशीत, ह्या भियान."