अब्बासभाई पूल धरत नाहीत

अब्बासभाई परकार पुलावरून पाणी ओलांडत नाहीत. आम्ही दोघे शारजात एकाच इमारतीत राहतो, बर दुबईत एकाच कापडाच्या दुकानात काम करतो आणि रोज माझ्याच गाडीतून निघतो. पण खाडी जवळ आली, की हे गृहस्थ अलीकडे उतरतात आणि अब्रा, म्हणजे तिथली होडी, पकडतात. मी ट्रॅफिकमध्ये कुजून दुकानात पोहोचतो, तेव्हा हे चहा ढोसत बसलेले. वर विचारणार, "काय सावंत, पूल अजून उभा हाय ना?"

राग जुना आहे. रायगडातल्या त्यांच्या गावी वडिलांची ‘तर’ होती, म्हणजे माणसं खाडीपार करणारी होडी. पलीकडून "ओऽ तरवाल्याऽ" अशी हाक आली, की हातातला घास टाकून निघायचं, हा घरचा कायदा. मग पूल झाला. "हाक खलास. बाप मरेपर्यंत धक्क्यावर कान लावून बसलेला," हे सांगताना अब्बासभाई माझ्याकडे असे बघतात, जणू पूल मीच बांधला! ही गोष्ट त्यांनी मुलीला, सलमाला, ऐकवून ऐकवून पाठ करून घेतली होती.

यंदा सलमा तिकडे विलायतेत बाळंत झाली. भाभी गेल्यापासून अब्बासभाई एकटेच. सलमा शारजात वाढलेली, फोनवर इंग्रजीतच म्हणाली, "अंकल, प्लीज ब्रिंग हिम." नेलं.

चेपस्टो हे वेल्समधलं चिमुकलं जुनं गाव. कड्यावर किल्ला, खाली नदी, नदीवर लोखंडी पूल. सलमाचं घर पुलापलीकडे, म्हणजे चक्क इंग्लंडात. येताना वाटेतल्या पुलांवर अब्बासभाई टॅक्सीत घोरत होते, नेमके या पुलाशी जागे झाले. "झोपेतला पूल आपण धरत नाय." म्हटलं, मग आताही डोळे मिटा.

"ढोंग करू? तौबा!"

आणि त्यांनी अलीकडच्या लॉजवर ठाण मांडलं. नात समोर, मधे नदी. ओहोटीला आपल्याकडच्यासारखाच चिखल, भरतीला तुडुंब पाणी, पण होडीचा पत्ता नाही. मी चिडलो, ओरडलो, शेवटी हात जोडले. "होडी आण, येतो," एवढंच उत्तर. असल्या माणसाला नदीत ढकलावं असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही काठावर सँडविच खात उभे होतो. पलीकडच्या काठावर सलमा आली, बाळाला छातीशी गुंडाळून. वाटलं, आता हीच पूल ओलांडून येईल. पण मुलगी बापाचीच. तिने तोंडाशी हात धरला आणि खणखणीत मराठीत ओरडली,

"ओऽऽ तरवाल्याऽऽ!"

अब्बासभाईंच्या हातातलं सँडविच खाली पडलं. होडीत चढताना काढतात तसे त्यांनी बूट-मोजे काढले आणि त्या गारठ्यात अनवाणी, झपाझप पुलावर चढले. मी बूट घेऊन मागे धावलो.

नातीला छातीशी धरून ते मला दरडावत म्हणाले, "सावंत, नीट ऐक. पुलावरून नाय आलो. हाक आली म्हणून आलो."

मग नातीचं टोपरं नीट करत म्हणाले, "पूल झाल्यापासून आमच्या घराला कोणी हाक मारली नव्हती रे."