टेलरमास्तरांचं गुंडाळतं शीड

"चार वाजता," बायको म्हणाली, "बसल्या जागेवरून ते पुढचं शीड उघडून परत गुंडाळून दाखवायचं. जागचं उठायचं नाही. उठलात किंवा गुंडाळलं नाही, तर नाव दातांच्या डॉक्टरांना विकली असं समजा. त्यांना मी चारलाच बोलावलंय."

टेलरमास्तरांनी मान डोलावली. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना "गुरुवारी नक्की" सांगत आलेल्या माणसाला मान डोलावणं काही जड नाही. पण आज ती जड गेली, कारण मास्तरांचा सगळा जीव त्या नावेत होता. नाव म्हणजे काय हो, तीन माणसं कशीबशी दाटीवाटीनं बसतील एवढीशी, एक डोलकाठी आणि दोन शिडं! पण आठवडाभर खाली मान घालून काजं-बटणं करायची आणि रविवारी तळ्यावर जाऊन मान वर करायची, एवढंच त्या माणसाचं सुख होतं.

भानगड झाली गेल्या महिन्यात. वारा एकदम वाढला, पुढचं शीड उतरवायला मास्तर रांगत रांगत नावेच्या टोकाला गेले, गुडघा सटकला, आणि पँटचा पट्टा एका हुकात अडकून ते पंधरा मिनिटं पाण्यात पाय सोडून लटकत राहिले. मागे बसून बायको हे सगळं पाहत होती. वर आल्यावर मास्तर म्हणाले, "शिलाई मात्र कुठे उसवली नाही हं!" हे त्यांनी म्हणायला नको होतं.

तर त्यावर उपाय म्हणून मास्तरांनी फर्लर मागवला. डोलकाठीच्या शेंड्यापासून नावेच्या टोकापर्यंत एक तार ताणलेली असते. त्या तारेवर लांबलचक नळी चढवायची, नळीला शीड लावायचं आणि खाली टोकाला एक मोठं रीळ बसवायचं. मागे बसून रिळाची दोरी ओढली की रीळ फिरतं, नळी फिरते आणि शीड मुकाट तिच्याभोवती गुंडाळलं जातं. रांगायला नको, लटकायला नको. खोक्यात सोबत एक माहितीपुस्तक होतं, आणि पुस्तकापेक्षा जास्त कळणारा मेहुणा घरातच होता. मेहुणा प्लंबर होता.

"नळी आहे ना? मग सोडा माझ्यावर," मेहुणा म्हणाला.

रविवारी सकाळीच काम सुरू झालं. नाव घरासमोरच्या गल्लीत ट्रेलरवर उभी होती, तोंड उताराकडे. डोलकाठी आडवी केली तर तिचा शेंडा दुकानाच्या दारातून थेट इस्त्रीच्या टेबलापर्यंत गेला. मेहुण्यानं नळ्या एकीत एक जोडून तारेवर चढवल्या आणि डोकं खाजवलं.

"भाऊजी, वीतभर जास्त होतेय."

"होणारच. मी चार बोटं माया ठेवूनच माप सांगितलं होतं. कमी पडलं तर जोड कुठून द्यायचा?"

"अरे देवा! मीपण चार बोटं सोडली होती. आटे पाडायला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

शेवटी जास्तीची वीत करवतीनं कापली, नळी अगदी अंगासरशी बसली, तिला शीड लावून हातानं गुंडाळून टाकलं आणि डोलकाठी पुन्हा उभी राहिली. आता राहिलं खालचं रीळ. ते नावेच्या टोकाला, आणि मेहुण्याचा हात तिथं चार इंच कमी पडत होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ट्रेलरच्या चाकांखाली दोन लाकडी ठोकळे होते. एक काढून त्यावर चढला, पण तोल जायला लागला, म्हणून दुसराही काढला. एका पायावर उभं राहून नळाची तोटीसुद्धा नीट बसत नाही, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. ठोकळे काढूनही ट्रेलर जागचा हलला नाही, कारण चाकं एका उथळ खळग्यात बसली होती. मग कशाला कोणाच्या लक्षात राहतंय!

आता दोरी. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुस्तक उघडलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शीड गुंडाळलेलं असताना रीळ रिकामं असावं.' मास्तर खो खो हसत सुटले.

"बघ रे बघ, काय लिहिलंय! रिकामी बॉबिन घालून कोणी मशीन चालवतं का?"

"भाऊजी, पुस्तकात आहे म्हणजे काहीतरी..."

"छापणाऱ्याची चूक! तू नळाचं बोल, दोऱ्याचं मला शिकवू नकोस. ही बोटं चाळीस वर्षं बॉबिन भरतायत."

आणि त्यांनी ते रीळ भरलं. पण काय भरलं म्हणता! फेऱ्याला फेरा लागलेला, कुठे सैल नाही, कुठे गुंता नाही, नुसतं बघत राहावं. दोरी नवी कोरी होती, तिची चांगली तीस फूट आत गेली. फक्त आता ती ओढली की शीड गुंडाळलं जाण्याऐवजी उघडणार होतं, आणि पूर्ण उघडलं की रिळावर ओढायला दोरीच उरणार नव्हती. पुस्तकवाल्याला हे ठाऊक होतं, तुम्हाआम्हाला आत्ता कळलं, आणि मास्तरांना कळायला अजून पंचवीस मिनिटं होती.

पावणेचारलाच दातांचे डॉक्टर हजर झाले. त्यांनी खिशातून छोटा टॉर्च काढला, नावेच्या पोटात वाकून पाहिलं, चार ठिकाणी टकटक केलं आणि "हं... हं..." म्हणाले. मास्तरांना आपलाच दात काढायला आल्यासारखं झालं.

"मीही आत बसूनच बघतो," डॉक्टर म्हणाले. "घ्यायची म्हटल्यावर अंदाज यायला हवा."

स्टूल लावून तिघं वर चढले. मागे डावीकडे मास्तर, उजवीकडे बायको, मधे पर्स सांभाळावी तशी स्वतःची बॅग सांभाळत डॉक्टर. मेहुणा खाली उभा राहून हात चोळत होता.

"करा सुरुवात," बायको म्हणाली. "आणि लक्षात आहे ना?"

"उठणार नाही. बोललो ना एकदा!"

मास्तरांनी मनातल्या मनात हात जोडले आणि दोरी ओढली. रीळ फिरलं, नळी फिरली आणि शीड सुळकन, लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. खुद्द बायको "अय्या!" म्हणाली. मास्तरांची छाती अशी फुगली की शर्टाचं दुसरं बटण ताणलं गेलं.

"आता गुंडाळा."

मास्तरांनी दोरी ओढली. आली. आणखी ओढली. आली. शीड उघडताना रिळावरून सुटून पडलेली दोरीच नुसती येत राहिली, मांडीवर तिचा ढीग झाला, आणि मग एकदम थांबली. रीळ पुढे टकलासारखं चकचकत होतं. शीड मात्र जिथल्या तिथं.

"बॉबिन संपली!" मास्तरांच्या तोंडून निघालं. त्याच क्षणी त्यांना पुस्तकातलं वाक्य लख्ख समजलं. आणि त्याच क्षणी मागून वाऱ्याचा जो झोत आला म्हणता, शीड टम्म फुगलं, ट्रेलर खळग्यातून एक हिसका देऊन बाहेर आला आणि गल्लीच्या उताराला लागला.

"अहो, आपण हललो का?" बायकोनं विचारलं.

"किंचित," मास्तर म्हणाले.

"ठोकळे!" मेहुणा किंचाळला. त्यानं दोन्ही ठोकळे उचलले आणि ते दोन हातांत घेऊन नावेमागे धावत सुटला, पण लावणार कशाला? चाकं पुढे, तो मागे!

घरं भराभर मागे जायला लागली. शिडाची गाठ पुढे डोलकाठीपाशी होती, चार पावलांवर. ती सोडली की शीड धप्पकन खाली आलं असतं. मास्तरांचे पाय शिवशिवले.

"अगं, मी उठू का?"

"उठलात तर विकली!"

"पण आपण रस्त्यानं चाललोय!"

"मला दिसतंय! ठरलं म्हणजे ठरलं!"

"तर मग मी उठतो," डॉक्टर म्हणाले, अर्धवट उठले, आणि वाटेतल्या बाल्कनीबाहेरच्या दोरीवरून वाळत घातलेली गुलाबी चादर डोलकाठीनं ओरबाडून घेतल्याचं पाहून पुन्हा खाली बसले. चादर वरच अडकून फडफडायला लागली. वेग वाढला.

"मास्तर! माझी चादर!" बाल्कनीतून एक बाई ओरडल्या.

"गुरुवारी नक्की!" मास्तर सवयीनं ओरडले.

पुढे एक सायकलवाला दिसला. डॉक्टरांनी डोळे मिटले. "बाजूला व्हा हो!" मास्तरांनी बेंबीच्या देठापासून आवाज दिला, सायकलवाला सायकल टाकून भिंतीला पालीसारखा चिकटला आणि नाव सुर्रकन निघून गेली. मास्तरांना घाम फुटला. आता नाव कुठेतरी आपटणार, फुटणार, आणि वाचली तरी विकली जाणार, दोन्हीकडून मरणच. त्यांना खरोखर रडू यायला लागलं. तेवढ्यात शेजारून कसलासा आवाज आला. त्यांना वाटलं, बायको घाबरून रडतेय.

ती हसत होती. अंबाडा सुटला होता, केस मागे उडत होते, एक हात काठाला, दुसऱ्या हातानं डॉक्टरांच्या गुडघ्यावर थापा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येईपर्यंत ती हसत होती. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, मास्तरांनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

गल्ली संपली तिथं खेळाचं मैदान होतं. नाव फाटकातून नीट आत शिरली, गवतात चाकं रुतली, आणि मैदानाच्या मधोमध ती अलगद थांबली. चादर हळूच खाली आली आणि डॉक्टरांच्या डोक्यावर बसली.

मेहुणा धापा टाकत पोचला, दोन्ही ठोकळे चाकांखाली लावले आणि गवतावर आडवा झाला.

"उठलो नाही बरं का," मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

"पण गुंडाळलंही नाही," चादरीतून डॉक्टर म्हणाले. त्यांनी चादर बाजूला केली. केस उभे, गाल लालबुंद, डोळे लहान पोरासारखे. "ठरल्याप्रमाणे नाव माझी. मी घेतली! आजच घेतली! काय धावते हो!"

मास्तरांनी मान खाली घातली. ते हरले होते, आणि शब्द तो शब्द. त्यांनी नावेच्या काठावरून एकदा हात फिरवला.

"कोण विकतंय?" बायको म्हणाली.

"अहो ताई, तुम्हीच तर..."

"म्हटलं असेल. आता नाही म्हणतेय." तिनं केस गोळा करून अंबाडा बांधला. "ही नाव कुठेही जायची नाही."

मास्तरांना वाटलं, उठून नाचावं. "अगं, खरंच? मग पुढच्या रविवारी सकाळीच निघू! सातला तळ्यावर वारा असा मस्त..."

"तळ्यावर कशाला?"

"म्हणजे?"

"तीन वर्षं तुमच्याबरोबर त्या तळ्यावर येतेय मी. मरगळल्यासारखी जाते हो तिथं ही. तासभर बसलं तरी समोरचं झाड समोरच! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही इतके दिवस." तिनं उताराकडे, वर घरापर्यंत गेलेल्या गल्लीकडे पाहिलं. "पाण्यात नाही घालायची तिला. चाकांवरच बरी. पुढच्या रविवारी गल्लीतूनच. आधी सगळ्यांना चादरी काढून ठेवायला सांगेन मी, आणि फाटकाशी कोणालातरी उभं करू."

मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं आभाळाकडे पाहिलं.

"आता वर न्यायला हवी," बायको म्हणाली आणि सावरून बसली. ती काही उतरली नाही. मास्तर उतरले, मेहुणा उठला, डॉक्टरांनी कोट काढून बॅगेवर ठेवला आणि तिघांनी मिळून ट्रेलरला खांदा लावला. चढ चांगलाच होता. अर्ध्या गल्लीत डॉक्टर धापा टाकत थांबले.

"ताई," त्यांनी खालून विचारलं, "पुढच्या रविवारी मला पुढच्या जागेवर बसायला मिळेल?"

"नंबर लावा," बायको वरून म्हणाली.